दात उशिरा सांगतात

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईचे जेवण कमी होत गेले. प्रथम ज्वारीची भाकरी सुटली, मग शेंगदाण्याची चटणी, आणि शेवटी मऊ भाताशिवाय काहीच नको झाले. आईचे वय ८४. या वयाच्या माणसाने एखादा पदार्थ सोडला की घरातील प्रत्येक जण त्याचा आपापल्या परीने अर्थ लावतो. भावाला वाटले, आता वयच झाले. वहिनीला वाटले, विस्मरण वाढते आहे, त्यात जेवणाचीही आठवण राहत नाही. मला रक्त कमी झाल्याची शंका आली आणि मी तपासण्या करून आणल्या. आईला विचारले तर तिचे उत्तर एकच, "भूक मेली बाई माझी." दात दुखतो का, असेही मी दोनदा विचारले होते. "नाही," ती म्हणाली. ती खरेच सांगत होती, हे मला पुढे समजले.

मार्गशीर्षातील एका सकाळी तिचा उजवा गाल सुजलेला दिसला. त्याच सकाळी रिक्षा करून आम्ही घाटीच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. केस पेपर काढला, रांगेत बसलो. आमचा नंबर आला तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका तरुण डॉक्टर मुलीने आईला खुर्चीत बसवले आणि आरशाने तोंड पाहिले. खालच्या उजव्या दाढेला हिरडीलगत, मुळाच्या बाजूने, मोठी कीड लागली होती. क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी एक काळसर गोल दिसत होता. आतला संसर्ग हाडापर्यंत पोहोचला होता.

"आजी, इतके दिवस दुखलं नाही?"

"नाही गं माय. नुसतं चावू वाटंना."

मी थोडी रागातच विचारले, की एवढी कीड असून दुखत कसे नाही? त्या मुलीने चित्र माझ्यासमोर धरले. आईच्या दाढेच्या मध्यभागी जिथे नसांची पोकळी दिसायला हवी, तिथे दोऱ्यासारखी एक बारीक रेघ होती. "काकू, तुमच्या नातवाच्या दाढेत इथे चांगली मोठी खोली असते. आजींच्या दाढेने ती खोली आयुष्यभर आतून लिंपत आणली आहे. नस आक्रसली, म्हणून दाढ ओरडली नाही."

मग तिने माझ्याकडे पाहिले. खरे तर माझ्या दातांकडे पाहिले. मी बोलताना ओठांवर हात धरते. ती सवय वयाच्या सातव्या वर्षापासूनची आहे आणि आता हात आपोआपच वर जातो. तिने विचारले, "काकू, तुमचेही दात पाहू का?"

माझ्या समोरच्या दातांवर आडवा, करड्या-तपकिरी रंगाचा पट्टा आहे. घासून जात नाही. बोर्डाच्या परीक्षेच्या आधी एका सुट्टीत मी राखेने आणि मिठाने हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासून पाहिले आहे. आमचे गाव पैठण तालुक्यातले. गावात आई मशेरी लावायची, तिच्या पिढीतल्या बहुतेक बाया लावायच्या. त्यामुळे माझ्या दातांचे कारण शोधायला कुणाला लांब जावे लागले नाही. मला पाहायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांपैकी एका बाईंनी चहाचा कप खाली ठेवून सर्वांसमक्ष विचारले होते, "पोरगी आईबरोबर मशेरी लावती काय?" त्या घरून होकार आला नाही. पुढच्या दोन घरांनी कारण दिले नाही, पण आम्ही ते गृहीत धरले. पहिले पाहुणे गेले त्याच संध्याकाळी आईने मशेरीचा डबा उकिरड्यावर रिकामा केला आणि त्यानंतर तिने तंबाखूला हात लावला नाही. पण मनाशी तिने पक्के धरले, की लेकीच्या दातांचा दोष आपला. पोटुशी असताना आपण मशेरी लावली, ती हिच्या दातांत उतरली. पुढे माझे लग्न एका शिक्षकाशी झाले. पहिल्या भेटीत त्यांनी मला माझ्या वर्गात किती मुले आहेत एवढेच विचारले, तरी आईचा सल गेला नाही. माझ्या मुलाच्या बारशाला सुद्धा तिने आधी पाळण्यातल्या बाळाच्या हिरड्या पाहिल्या होत्या.

डॉक्टर मुलीने माझे ओठ बोटांनी वर केले आणि बराच वेळ काही न बोलता ती एकेक दात मोजल्यासारखी पाहत राहिली. नंतर म्हणाली, "अडीच-एक वर्षांच्या असताना तुम्हाला मोठं आजारपण झालं होतं का? आठवड्याभराहून जास्त औषध घेतलं असेल असं?"

मी म्हणाले, मला कसे आठवणार! पण सुजलेल्या गालाची आई खुर्चीतून म्हणाली, "पोळ्याच्या आधी. छाती भरली होती हिची. पिवळी पूड द्यायचे मधातून."

गेली दोन वर्षे आईला सकाळी कोण येऊन गेले ते संध्याकाळी आठवत नाही. पण १९६३ सालच्या पोळ्याआधीची ती पूड तिला रंगासह आठवत होती. माझा जन्म १९६१ च्या चैत्रातला.

त्या मुलीने केस पेपरच्या कोऱ्या बाजूवर पेनाने आकृती काढली. मी ३१ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. वेरूळच्या सहलीत मुलांना कातळ दाखवून सांगायचे, की लाव्हाचा एक प्रवाह थंडावला, त्यावर दुसरा आला, आणि असे थर साचत हा डोंगर झाला; थर ओळखता आले की काळ वाचता येतो. आपल्या तोंडातही तसेच काही आहे, हे मला निवृत्तीनंतर समजावे याची थोडी खंत वाटली. तिने जे सांगितले आणि नंतर मी जे वाचून पडताळले, ते असे.

दात उगवतो तेव्हा तो जन्मत नसतो. त्याची सुरुवात मूल गर्भात सहा आठवड्यांचे असते तेव्हा होते. त्या वेळी गर्भ जेमतेम वाटाण्याएवढा असतो. भावी हिरड्यांच्या जागी घोड्याच्या नालेच्या आकाराची एक जाड पट्टी तयार होते आणि त्या पट्टीतून ठरावीक ठिकाणी खाली कोंब फुटतात. कोंब आधी कळीसारखा असतो, मग खालून खोलगट होऊन टोपीसारखा दिसतो आणि पुढे घंटेसारखा. शास्त्राच्या पुस्तकांतही या अवस्थांना याच अर्थाची नावे आहेत. घंटेच्या आत भरलेल्या पेशी मात्र तोंडाच्या अस्तरातल्या नसतात. गर्भाच्या पाठीशी, भावी मज्जारज्जूच्या कडेने निघून त्या चेहऱ्याकडे प्रवास करत आलेल्या असतात. दोन घराण्यांच्या या पेशी समोरासमोर उभ्या राहतात. बाहेरच्या बाजूच्या पेशी एनॅमल, म्हणजे दंतवल्क, रचतात आणि आतल्या पेशी दंतिन रचतात. एकीने इशारा दिल्याशिवाय दुसरीचे काम सुरू होत नाही. दोघींच्या मधल्या रेषेपासून काम सुरू होते: एक बाहेर सरकत जाते, दुसरी आत. चौथ्या महिन्यात दुधाच्या दातांत क्षार साचू लागतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास तर त्यांच्या मागे पक्क्या दातांच्या कळ्याही धरू लागतात. म्हणजे आजी होणारी बाई ओटी भरण्याची तयारी करत असते, तेव्हा नातवाच्या शाळेच्या वयातले दातसुद्धा कामाला लागलेले असतात.

आता माझ्या पट्ट्याचे गणित. पक्क्या पटाशीच्या दातांत क्षार साचायला जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी सुरुवात होते. टोक आधी बनते, हिरडीजवळचा भाग शेवटी, आणि दाताचा दिसणारा भाग चार-पाच वर्षांचे होईपर्यंत पूर्ण होतो. एनॅमल रोज सुमारे चार सहस्रांश मिलिमीटर चढते. त्या काळात टेट्रासायक्लीन गटाचे औषध पोटात गेले तर ते कॅल्शियमला घट्ट धरून राहते आणि त्या दिवसांत घडणाऱ्या थरात कायमचे अडकते. माझ्या पटाशीच्या दातांवर पट्टा साधारण मधोमध आहे. सुळ्याचे काम अधिक वर्षे चालते, म्हणून तिथे तो टोकाच्या जवळ आहे. पहिली दाढ जन्माच्या सुमारास सुरू होऊन तीन वर्षांच्या आत पूर्ण होते, म्हणून तिथे तो हिरडीपाशी आहे. एकाच आजारपणाची खूण वेगवेगळ्या दातांवर वेगवेगळ्या उंचीवर. आणि सगळ्या उंचींचा मेळ घातला की वय निघते, अडीच वर्षे.

आणि दुधाचे दात? त्यांचे एनॅमल पहिल्या वर्षातच पूर्ण झाले होते. म्हणून त्या आजारपणानंतर माझे हसू स्वच्छच होते. पट्टे दिसले ते सातव्या वर्षी, पक्के दात आले तेव्हा. घरच्यांनी कारण शोधले ते त्या सातव्या वर्षात: गूळ खाल्ला, बोरे खाल्ली, आईच्या डब्यात बोट घातले. चार-साडेचार वर्षांपूर्वीची पूड कुणाच्या ध्यानात येणार? सुरुवातीला पिवळसर असलेला पट्टा उजेडाने हळूहळू करडा होत जातो, म्हणून समोरचे दात अधिक काळवंडतात. ओठ मिटून काढलेल्या माझ्या फोटोंनी त्यात काही फरक पडला नाही, हे उघड आहे.

ज्या डॉक्टरांनी ती पूड दिली, त्यांच्याविषयी मनात काही आले नाही असे म्हणणार नाही. पण थोडा इतिहास वाचला आणि राग निवळला. या कुळातील पहिले औषध, ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेतून जगापुढे आले. मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ते शोधणारे बेंजामिन डग्गर हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. या औषधांनी असंख्य लेकरे जगवली. दातांवरच्या डागांच्या नोंदी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात येऊ लागल्या. ती माहिती खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला असणार. आज गरोदर स्त्रीला आणि आठ वर्षांखालील मुलाला या गटातले औषध सहसा देत नाहीत. काही गंभीर आजारांत डॉक्टर जाणीवपूर्वक देतात तेव्हा गोष्ट वेगळी. म्हणून घरातल्या मोठ्यांच्या उरलेल्या गोळ्या नातवंडाला "अर्धी चालेल" म्हणून देऊ नयेत. आपल्या पिढीची ही खोड आहे, माझीही होती.

बाहेर बाकावर एक तरुण बसला होता. त्याच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि मधूनच तपकिरी ठिपके होते. मला वाटले, हाही माझ्यासारखाच. डॉक्टर मुलीने सांगितले, ते वेगळे. ते पाण्यातले फ्लोराइड. नांदेडच्या किनवट भागात, यवतमाळमध्ये आणि मराठवाड्यात इतरत्रही काही गावांच्या भूजलात ते जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असे भारतीय मानक आहे. एनॅमल रचणाऱ्या पेशींना बालपणी त्याचा अतिरेक सोसत नाही आणि दात ठिपकेदार निघतात. त्याच गावात मोठेपणी राहायला गेलेल्या माणसाच्या दातांवर मात्र डाग पडत नाहीत, कारण त्याचे एनॅमल आधीच रचून झालेले असते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. शहरात आपण जायकवाडीचे पाणी पितो; पण सुट्टीत नातवंडे गावच्या बोअरचे पाणी पीत असतील तर ते एकदा तपासून घेतलेले बरे.

आईच्या दाढेकडे परत येते, कारण खरी चूक तिथे झाली आणि ती माझी होती. एनॅमल रचणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताना नाहीशा होतात. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेले ते कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण त्याचा कारागीर काम संपवून कायमचा निघून गेलेला असतो. एनॅमल झिजले की पुन्हा येत नाही, ते यामुळे. आतल्या दंतिनाचे कारागीर मात्र जन्मभर तिथेच, नसेच्या कडेने उभे असतात. ते थोडे थोडे लिंपत राहतात, घासले-किडले तर आतून आणखी जाड थर देतात. म्हातारपणी थंड पाणी पूर्वीइतके झोंबत नाही याचे एक कारण हे. आपण त्याला दात पक्के झाले असे समजतो. दरम्यान हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. मुळावर एनॅमल कधीच नसते, सिमेंटमचा पातळ लेप तेवढा असतो. कीड तिथे चटकन शिरते. त्यात रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, आणि लाळ नसली की दाताचा राखणदारच गेला.

म्हणून "दुखतं का" हा प्रश्न वृद्ध माणसाला विचारून भागत नाही. मी आईची औषधे वेळेवर देत होते, नखे कापत होते, पाय चेपत होते. तिच्या तोंडात मात्र वर्षभरात एकदाही डोकावले नव्हते. भाकरी सुटली तेव्हाच बॅटरी घेऊन पाहायला हवे होते. एका बाजूने चावणे, घास गालात धरून ठेवणे, कवळी घालायला कुरकुर करणे, तोंडाला नवा वास येणे, ही त्या वयातली दातदुखीच असते.

दाढ त्याच दिवशी काढली नाही. आधी पू काढला, औषध दिले. रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, असे सारे विचारून झाल्यावर त्या मुलीने आणखी एक प्रश्न केला, जो माझ्या ध्यानीमनी नव्हता: "हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी घेतात का?" आई घेत होती. त्या गटातल्या औषधांनी दात काढल्यावर जबड्याची जखम क्वचित भरून येत नाही, म्हणून ते आधी कळायला हवे. ती गोळी किंवा रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण दंतवैद्यापासून लपवायचीही नाही. आता आईच्या सगळ्या औषधांची चिठ्ठी माझ्या पिशवीत असते. आठवड्यानंतर दाढ निघाली आणि जखम नीट भरली.

परतताना रिक्षात मी आईला सांगितले, "आई, माझे दात मशेरीनं झाले नव्हते. त्या पिवळ्या औषधानं झाले." मला वाटले, तिला हलके वाटेल. ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. पाणचक्की मागे पडल्यावर म्हणाली, "म्हणजे मीच दिलं की. माझ्याच हातानं चाटवलं."

याचा मी विचार केला नव्हता. मशेरीचा दोष काढून मी तिच्या हातात पूड ठेवली होती. मी म्हणाले, "त्या पुडीनंच जगले ना मी." ती काही बोलली नाही. गरोदरपणातली मशेरी बाळाला बाधते हे खरेच आहे, बाळ कमी वजनाचे होते. पण माझ्या पट्ट्याशी तिचा संबंध नव्हता, एवढेच मी पुन्हा सांगितले.

आता रात्री जेवण झाले की मी तिला खुर्चीत बसवते आणि मऊ ब्रशने तिचे उरलेले १९ दात घासते. हिरडीलगत, मुळांपाशी, सावकाश. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. पाण्यातल्या अतिरेकाने जे बालपणी बिघडते, त्याचाच दातावर बाहेरून लावलेला थोडा अंश म्हातारपणी मूळ राखतो, हे ऐकून मला गंमत वाटली होती. सुरुवातीला ती ओठ मिटून घ्यायची. मग मी माझे तोंड आधी उघडून दाखवू लागले, लहान मुलाला दाखवावे तसे. घरात आईसमोर तोंड उघडायला मी कधीपासून टाळत होते, ते आठवत नाही.

ती रोज माझे दात पाहते आणि बहुतेक दिवशी रोज नव्याने विचारते, "हे काय गं झालं?" मी रोज सांगते: छाती भरली होती, पोळ्याच्या आधी, मधातून औषध दिलेस, बरी झाले. परवा मी सांगायच्या आधीच तिने बोट माझ्या पट्ट्यावर टेकवले आणि म्हणाली, "हा पोळा." मग बोट खाली, दाताच्या टोकाकडे नेत म्हणाली, "आणि इथं तू रांगत होतीस."